तंबोरा, कर्णा आणि मायक्रोफोन : सातारा-सांगली परिसरातील ध्वनिग्रहणाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासाची साधने म्हणून आपण बंदिशींची पुस्तके, घराण्यांच्या वंशावळी, संस्थानिकांची दप्तरे आणि जुन्या तबकड्या यांचा विचार करतो. यांपैकी तबकडी हे साधन सर्वांत विश्वसनीय मानले जाते, कारण तिच्यात प्रत्यक्ष आवाज असतो. परंतु दप्तरातील कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कोणती गोष्ट लिहिण्याचे टाळले, हे प्रश्न इतिहासाचा अभ्यासक जसे विचारतो, तसेच प्रश्न तबकडीलाही विचारले पाहिजेत. ध्वनी ग्रहण करणारे यंत्र कोठे ठेवले होते? त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते? त्याला काय ऐकू आले आणि काय ऐकू आले नाही?

गेल्या शतकात जगभर या प्रश्नांना एक तांत्रिक उत्तर मिळत गेले. एका मायक्रोफोनऐवजी दोन, तीन, चार किंवा अधिक मायक्रोफोन ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनात मांडून, श्रोत्याला सर्व बाजूंनी वेढणारा ध्वनी, ज्याला रूढ भाषेत सराउंड साउंड म्हणतात, तो मुद्रित करण्याच्या अनेक रचना तयार झाल्या. प्रस्तुत लेखात या रचनांचा इतिहास सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या अंगणात उभे राहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या परिसराची निवड केवळ प्रादेशिक अभिमानापोटी केलेली नाही. स्वराचे मोजमाप, वाद्यनिर्मिती, संगीत रंगभूमी, दर्ग्यातील मैफल आणि वारीचे रिंगण ही ध्वनीची पाच अगदी वेगळी रूपे इतक्या जवळजवळ क्वचितच आढळतात. आणि त्यांतील प्रत्येकाने यंत्रापुढे वेगळा पेच उभा केला आहे.

तंबोऱ्यांच्या मधली जागा

मिरजेचे नाव संगीताच्या क्षेत्रात दोन कारणांनी घेतले जाते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत विद्या घेतली आणि पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) येथे स्थायिक झाले, हे पहिले कारण. दुसरे कारण तंतुवाद्यांचे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्यांच्या निर्मितीकडे वळले आणि फरीदसाहेबांपासून ही परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. पंढरपूर परिसरात पिकणारा मोठा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्पिढ्यांचा कान यांवर हा व्यवसाय उभा राहिला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ध्वनिग्रहणाच्या दृष्टीने तंबोरा हे अत्यंत अडचणीचे वाद्य आहे. त्याच्या घोडीचा माथा सपाट नसून किंचित बाकदार असतो आणि तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून जवारी लावली जाते. तार कंप पावताना या बाकदार पृष्ठभागाला पुनःपुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वराबरोबर वरच्या स्वयंभू स्वरांचा एक दाट समूह उमटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या गोष्टीचे शास्त्रीय वैशिष्ट्य दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर निघू नये असे युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम सांगतो, त्या बिंदूवर छेडूनही तंबोऱ्यात तो उपस्वर स्पष्ट ऐकू येतो.

याहून महत्त्वाची, परंतु फारशी न लिहिली गेलेली गोष्ट म्हणजे तंबोऱ्याची जागा. मैफलीत गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे बसतात. त्यांचा झंकार गायकाच्या दोन्ही कानांवर मागून येतो, तबला एका बाजूने येतो आणि सारंगी किंवा हार्मोनियम दुसऱ्या बाजूने. म्हणजे गायक हा वेढणाऱ्या ध्वनीच्या मध्यभागी बसलेला पहिला श्रोता असतो. समोरच्या रांगेतील श्रोत्याला हीच मांडणी अरुंद होऊन ऐकू येते. शेवटच्या रांगेत ती जवळजवळ एका बिंदूत मिटते. युरोपातील वाद्यवृंद श्रोत्यासमोर रुंद पसरलेला असतो, आणि सभोवार ध्वनिमुद्रणाच्या बहुतेक रचना त्या पसरटपणाला डोळ्यांसमोर ठेवून झाल्या आहेत. आपल्याकडील मैफलीचा पसारा आठ-दहा फुटांच्या बैठकीचा असतो. तिची समृद्धी रुंदीत नसून दाटपणात आहे. परक्या मोजपट्टीने या बैठकीची लांबी-रुंदी मोजू गेल्यास हाती फारसे लागत नाही, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आकड्यात पकडलेला स्वर

यंत्राने आवाज टिपण्याच्या आधी, किंवा त्याच काळात, या परिसरात स्वर पकडण्याचा आणखी एक प्रयत्न झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन तारांच्या मापनयंत्रावर तारेची लांबी मोजून गायकाच्या स्वराचे गुणोत्तर काढायचे, ही त्यांची पद्धत होती. आणि या प्रयोगांसाठी गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा. सनदी नोकरीतील इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी या कामात रस घेतला, १९१३ मध्ये भारतीय संगीताच्या अभ्यासावर स्वतःचे पुस्तक लिहिले आणि श्रुती वाजवू शकेल अशी हार्मोनियम इंग्लंडमध्ये तयार करवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या श्रुति-हार्मोनियमवरून मोठा वाद झाला. भातखंडे आणि त्यांच्या मताचे अभ्यासक यांना हे श्रुतिगणित मान्य नव्हते. प्रत्यक्ष गाणाऱ्या कलावंताचा स्वर पेटीच्या ठरलेल्या पट्टीवर बसतो की नाही, या प्रश्नावर परिषदेत एकमत झाले नाही.

या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा येथील विषय नाही. देवलांच्या परिश्रमांविषयी मनात आदर ठेवूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्यांच्या पद्धतीत स्वर म्हणजे एक संख्या होती. ती संख्या कोणत्या खोलीत, कोणत्या तंबोऱ्याच्या झंकारात, गायकाच्या मुखापासून किती अंतरावर मिळाली, याला स्थान नव्हते. खाँसाहेब ज्या स्वरावर स्थिरावत तो मोजता आला. परंतु तंबोऱ्यातून निघणाऱ्या ज्या गंधाराच्या आधाराने ते स्थिरावत, तो गंधार मापनयंत्राच्या बाहेर राहिला. पुढे आलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रानेही नेमके हेच केले.

कर्ण्यासमोर आणि मायक्रोफोनसमोर

ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आले आणि भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून शक्य तितक्या जोराने गावे, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा कंप पावावा आणि सुईने मेणाच्या तबकडीवर चर कोरावा, अशी ती पद्धत होती. या पद्धतीची श्रवणकक्षा साधारण दोनशे ते दोन हजार कंपनसंख्येपर्यंतच होती. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सत्तर कंपनांच्या आसपास असतो आणि जवारीचे तेज दोन हजारांच्या पुष्कळ वर पसरते. म्हणजे तंबोऱ्याची दोन्ही टोके यंत्राच्या कक्षेबाहेर! शिवाय कर्णा फक्त समोरचेच ऐकतो. मागे बसलेला तंबोरा त्याच्या दृष्टीने नाहीच.

या काळात ज्यांनी गाणी दिली त्यांत अब्दुल करीम खाँही होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांच्या तबकड्या आणि १९३४-३६ या काळात ओडियन कंपनीसाठी दिलेल्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्या तर दोन वेगळे गायक ऐकल्यासारखे वाटते. मध्यंतरी वयाचा व गायकीचा प्रवास झाला होता हे खरे. परंतु १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले होते, हेही तितकेच खरे. बारीक, लवचीक, हलक्या फेकीचा आणि स्वराला हळूच बिलगणारा खाँसाहेबांचा आवाज कर्ण्याला मानवणारा नव्हता. मायक्रोफोनला तो मानवला. ‘पिया बिन नही आवत चैन’ या झिंझोटीतील ठुमरीची ओडियन तबकडी घरोघरी पोहोचली याचे निम्मे श्रेय कदाचित त्या उपकरणाला द्यावे लागेल. मात्र मायक्रोफोन एकच होता आणि तो गायकाच्या समोर होता. तंबोरा मागून, अंधुक, सतत पण दूर ऐकू येतो. तीन मिनिटांत राग मावतो कसा, याची आश्चर्ययुक्त चर्चा आपल्याकडे खूप झाली. खोली कोठे गेली, याची चर्चा झाली नाही.

याच सुमारास सांगलीत दीनानाथ मंगेशकर यांची नाटक कंपनी बोलपटाकडे वळत होती. रंगभूमीवर दोन हजार श्रोत्यांपर्यंत विनासाहाय्य पोहोचणारी गायकी आणि मायक्रोफोनला कुजबुजलेलेही ऐकू येणारी गायकी यांचा संधिकाल एकाच गावात, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडला. हा विषय स्वतंत्र निबंधाचा आहे.

दोन कानांचा शोध

वर उल्लेखिलेल्या काळाच्या आसपास इंग्लंड-अमेरिकेत काय चालले होते, हे पाहिले म्हणजे कालगणनेतील विसंगती लक्षात येते. त्याचे मूळ अर्थात आणखी मागे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या पुढच्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ग्राहक ओळीने बसवले आणि प्रदर्शनातील श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन वेगळ्या ग्राहकांचा आवाज पुरवला. रंगमंचावर नट डावीकडून उजवीकडे गेला की आवाजही सरकतो, असा अनुभव श्रोत्यांना आला. मायक्रोफोन-रचनेच्या इतिहासातील हा पहिला प्रयोग म्हणता येईल.

लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात पुढील पन्नास वर्षांचे बहुतेक तंत्र बीजरूपाने आहे. चित्रपटगृहात पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, ही विसंगती त्यांना खटकली असे सांगितले जाते. पुढून आणि मागून सारखेच, पण बाजूंनी मुळीच न ऐकणारे दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवायचे. डावीकडचा आवाज एकात मोठा आणि दुसऱ्यात लहान येतो. या लहान-मोठेपणावरून कान दिशा ओळखतो. १९३४ मध्ये बीचम यांच्या वाद्यवृंदाच्या तालमीचे अशा पद्धतीने मुद्रण झाले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने वेगळा मार्ग घेतला. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तीन मायक्रोफोन, तीन तारा आणि तीन ध्वनिवर्धक यांच्या साहाय्याने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला. रंगमंचासमोर मायक्रोफोनचा एक पडदाच उभारावा आणि तो जसाच्या तसा दुसरीकडे उघडावा, ही त्यामागील कल्पना.

या दोन मार्गांतील भेद नीट समजून घेतला तर पुढील सर्व रचना समजतात. एकाच जागी ठेवलेले मायक्रोफोन तीव्रतेचा फरक टिपतात. अंतरावर ठेवलेले मायक्रोफोन वेळेचा फरक टिपतात, कारण ध्वनी एका सहस्रांश सेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटरच जातो. पहिल्या प्रकारात दिशा स्पष्ट मिळते. दुसऱ्या प्रकारात जागेचा ऐसपैसपणा मिळतो. एक मिळवताना दुसरे थोडे गमवावे लागते. डेका कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९५४ च्या सुमारास तीन मायक्रोफोन त्रिकोणात, सुमारे दोन मीटर रुंदीवर आणि मधला दीड मीटर पुढे, असे टांगून ऐसपैसपणाला प्राधान्य दिले. फ्रेंच रेडिओच्या अभियंत्यांनी सतरा सेंटिमीटर अंतर आणि एकशे दहा अंशांचा कोन ठेवून, म्हणजे जवळजवळ माणसाच्या दोन कानांइतके अंतर ठेवून, दोहोंचा मेळ घातला.

म्हणजे खाँसाहेब ओडियनसाठी गात होते तेव्हा त्यांच्या मागच्या दोन तंबोऱ्यांना त्यांच्या जागी ठेवून मुद्रित करण्याची युक्ती जगात उपलब्ध होती. ती बाजारात यायला मात्र १९५८ उजाडावे लागले, जेव्हा स्टिरिओ तबकड्यांची विक्री सुरू झाली. तोवर खाँसाहेबांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

आकाशवाणी आणि एकसुरी प्रक्षेपण

सांगलीस आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. या परिसरातील गायक, भजनी मंडळे, शाहीर आणि लोककलावंत यांना ध्वनिमुद्रणाची पहिली संधी बहुतांशी या केंद्रामुळे मिळाली, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु मध्यम लहरींवरील प्रक्षेपण एकमार्गी होते. त्यात डावे-उजवे असा भेद पोहोचवणेच शक्य नव्हते. स्टुडिओच्या भिंतीही प्रतिध्वनी शोषून घेण्यासाठी बनवलेल्या. ज्या धनगरी ओवीला माळरान लागते आणि ज्या भारुडाला चावडी लागते, तिला तेथे भिंतीला चिकटवलेल्या सच्छिद्र फळ्यांच्या साक्षीने गावे लागे. शब्द आणि चाल जतन झाली; माळरान आणि चावडी झाली नाही. यात कोणाचा दोष नाही. त्या काळच्या माध्यमाची ती मर्यादा होती.

वेढणारा ध्वनी : मैफल आणि रिंगण

१९७० च्या दशकात श्रोत्याच्या चारही बाजूंना ध्वनिवर्धक ठेवण्याची चौमार्गी पद्धत बाजारात आली आणि बुडाली. तिच्या अपयशातून एक फार मोलाचा विचार मात्र शिल्लक राहिला. ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गेर्झन आणि त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की ध्वनिवर्धक किती आणि कोठे आहेत याचा विचार मुद्रणाच्या वेळी करूच नये. एका बिंदूवर चोहोकडून येणारा ध्वनी संपूर्णपणे टिपावा आणि पुढे हवा तसा उलगडावा. त्यासाठी चतुष्फलकाच्या चार पृष्ठांवर चार मायक्रोफोन बसवायचे आणि त्यांच्या संकेतांपासून चार घटक मिळवायचे : एक सर्व दिशांचा, एक पुढे-मागे, एक डावे-उजवे आणि एक वर-खाली. अँबिसॉनिक्स या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि तिचा मायक्रोफोन १९७८ मध्ये विक्रीस आला. त्या वेळी तिला ग्राहक मिळाला नाही. गेर्झन १९९६ मध्ये निवर्तले. त्यांची पद्धत सर्वत्र वापरात आली ती पुढे, डोळ्यांवर चष्म्यासारखी लावायची आभासी वास्तवाची उपकरणे निघाल्यावर. आता चार मायक्रोफोनचे असे मुद्रणयंत्र हातात मावते.

दुसऱ्या बाजूने, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९२ मध्ये समोर तीन आणि मागे-बाजूंना दोन अशा पाच ध्वनिवर्धकांची मांडणी प्रमाण ठरवल्यानंतर, जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेतील अभियंत्यांनी तिला साजेशा मायक्रोफोन-रचना केल्या. अकिरा फुकादा यांनी डेकाच्या त्रिकोणाला मागील मायक्रोफोन जोडले. किमिओ हामासाकी यांची रचना अधिक विचार करायला लावणारी आहे. दोन-तीन मीटर बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन, आणि त्यांचे ‘बहिरे’ अंग मुद्दाम रंगमंचाकडे! गाणे त्यांनी ऐकायचेच नाही. भिंतींवरून बाजूने परतणारा ध्वनी तेवढा ऐकायचा. गाण्यासाठी पुढची रचना वेगळी असते. सभागृहाचा भास बाजूंनी येणाऱ्या परावर्तनांतून होतो, या तत्त्वावर हे सारे आधारलेले आहे.

ही रचना मिरजेच्या दर्ग्यात नेली तर काय होईल? हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या उरुसात, अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ, दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली गाणे होते. ते ऐकण्यासाठी देशभरातून कलावंत व रसिक येतात. वर आकाश आणि पाने. युरोपीय सभागृहाचे छत व जवळच्या भिंती येथे नाहीत. त्यामुळे हामासाकींच्या चौरसाला त्याचे नेहमीचे खाद्य मिळणार नाही. त्याला मिळेल ती ‘वाह’ची दाद, मुलांची कुजबूज, उरुसाच्या गर्दीचा दूरचा घोष. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणात हे सारे व्यत्यय ठरते. आपल्या मैफलीत मात्र दाद हा संगीताचा भाग आहे. गायक तिला उत्तर देतो, तिच्यासाठी थांबतो, ती न आल्यास तीच जागा पुन्हा घेतो. म्हणून रचना टाकाऊ ठरत नाही, तिचा अर्थ बदलतो. मागचे मायक्रोफोन येथे भिंतींसाठी नसून श्रोत्यांसाठी आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात फारशी सापडत नाही. ती म्हणजे ध्वनिक्षेपक. आज उघड्यावरची मैफल कर्ण्यांशिवाय होत नाही. गायकाचा आवाज एका मायक्रोफोनमधून दोन मोठ्या ध्वनिवर्धकांत जातो आणि तेथून श्रोत्यांवर कोसळतो. श्रोत्यांत मांडलेली कितीही सुंदर रचना मग गाणे मुद्रित करत नाही. दोन ध्वनिवर्धक मुद्रित करते. काही वर्षांपूर्वी एका उत्सवात प्रस्तुत लेखकाने मोठ्या हौसेने चौमुखी मुद्रणयंत्र तिसऱ्या रांगेत नेऊन ठेवले होते. घरी येऊन ऐकले तेव्हा तंबोरा, गायक आणि तबला हे तिघेही डाव्या बाजूच्या एकाच पेटाऱ्यातून येत होते आणि उजवीकडे जनित्राची घरघर होती. यावर उपाय एकच : मुख्य रचना ध्वनिवर्धकांच्या मागे, बैठकीच्या अगदी जवळ, गायकापासून दीड-दोन मीटरवर असावी आणि श्रोत्यांकडील मायक्रोफोन वेगळ्या वाहिन्यांवर घ्यावेत. ध्वनिक्षेपक सुरू होण्यापूर्वी, तंबोरे जुळवले जात असतानाची दहा मिनिटे मुद्रित करावीत. त्या दहा मिनिटांत जागेचा जो आवाज मिळतो, तो पुढील तीन तासांत मिळत नाही. औंधच्या संगीत महोत्सवासारख्या, १९४० पासून चालत आलेल्या बैठकींनाही हे लागू आहे.

मैफलीला पुढे-मागे आहे, रिंगणाला नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मधून धावणारा अश्व, पुढे आणि मागे मैलभर पसरलेल्या दिंड्या आणि प्रत्येक दिंडीचा आपापला अभंग. येथे रंगमंच कोणता आणि श्रोता कोण? त्रिकोणी रचना येथे निरुपयोगी आहे, कारण तिला ‘समोर’ लागते. गेर्झन यांचा चतुष्फलक जणू याच प्रसंगासाठी आहे. तो एका वारकऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर काठीला बांधला आणि काठी दिंडीबरोबर चालली, तर शेजारच्या दिंडीचा अभंग मागून पुढे सरकताना ऐकू येईल. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातील धनगरांच्या गजीनृत्यात ढोल मध्यभागी व नाचणारे भोवती फिरते असतात. तेथे चतुष्फलक ढोलांपाशी ठेवावा की कड्याबाहेर, यावर मुद्रणाचा अर्थच बदलतो. आतून ऐकणारा नाचणाऱ्याचा अनुभव घेतो, बाहेरून ऐकणारा पाहुण्याचा.

चतुष्फलकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. चार घटकांवरून दिशा कळते, पण ती धूसर असते. शंभर टाळांतून एक टाळ वेगळा काढता येत नाही. गोलावर बत्तीस मायक्रोफोन बसवलेल्या अलीकडच्या रचनांनी ही धूसरता कमी केली आहे, परंतु त्यांची किंमत महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही. अंतरावर मांडलेल्या मायक्रोफोनचे संकेत एकत्र मिसळून एकमार्गी ऐकवले तर काही कंपने परस्परांना खोडतात. एका बिंदूवरील रचनेत हा धोका नाही. खेड्यातील श्रोता अजूनही मोबाइलच्या एकाच बारीक ध्वनिवर्धकावर ऐकतो, हे ध्यानी घेता हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही.

नोंदीचा प्रश्न

जुन्या तबकडीवर गायकाचे नाव, रागाचे नाव आणि क्रमांक असे. मायक्रोफोन कोठे होता हे लिहिलेले नसे. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा करणाऱ्याला आज त्याच माहितीची उणीव सर्वाधिक जाणवते. आपल्या भागातील महाविद्यालयांच्या संगीत, इतिहास व पदार्थविज्ञान विभागांनी एकत्र येऊन मुद्रणे करावयाची ठरवल्यास प्रत्येक मुद्रणासोबत एक साधे टिपण असावे : रचना कोणती, मायक्रोफोनची जमिनीपासून उंची, गायकापासून अंतर, समोरची दिशा, तंबोऱ्यांच्या जागा, ध्वनिक्षेपक चालू की बंद, श्रोते अंदाजे किती. असे टिपण लिहायला पाच मिनिटे लागतात.

तंबोऱ्याशेजारी मायक्रोफोन नेमका कोठे ठेवावा, हे ठरवताना पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाआधी मिरजेच्या कारागिराला विचारावे. घोडीजवळ नेला तर जवारीची धार मिळते आणि भोपळा हरवतो. भोपळ्याजवळ नेला तर खर्ज फुगतो आणि धार बोथट होते. जवारी लावणारा कारागीर तंबोरा आडवा घेऊन, तार छेडून, धागा केसभर सरकवतो आणि मान एका विशिष्ट अंतरावर, एका विशिष्ट कोनात कलती ठेवून ऐकतो. ते अंतर आणि तो कोन अद्याप कोणी मोजलेला नाही.